पंचांच्या पेन्शनवरून झालेली टाळेबंदी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या) पंचांचा मानधनाचा वाद निघाला की आपल्याकडच्या बातम्यांत दोनच गोष्टी येतात: पंचाला वर्षाकाठी मिळणारे दीड-दोन लाख डॉलर आणि आठवड्यातला सामन्याचा एक दिवस. आपल्या क्रीडा पानावरच्या टिपणातही तेच आले, आणि एवढे मिळूनही यांचे समाधान होत नाही, असा निष्कर्ष वाचकांपुढे ठेवला गेला. हा निष्कर्ष पंचांवर अन्याय करणारा आहे. २०१२ साली या लीगने आपल्या पंचांना जवळपास चार महिने बाहेर ठेवले होते. तेव्हा भांडण नेमके कशावरून होते, बदली पंच आणल्यावर मैदानात काय बिघडले आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडले, हे नीट समजून घेतले तर कुठल्याही खेळाच्या पंचाला आणि पंच नेमणाऱ्या संयोजकालाही त्यातून पुष्कळ घेता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी एक दुरुस्ती. २०१२ च्या प्रकाराला सर्रास पंचांचा संप म्हटले जाते. संप झालाच नव्हता. लीग आणि पंच संघटना यांच्यातल्या २००६ च्या कराराची मुदत मे २०१२ अखेर संपली. सरकारी मध्यस्थांच्या मदतीने चाललेली बोलणी फिसकटली आणि जूनच्या सुरुवातीला लीगनेच टाळेबंदी जाहीर करून बदली पंचांची भरती सुरू केली. दार मालकाने लावले की कामगारांनी काम थांबवले, हा फरक मुंबईच्या गिरण्यांचा काळ पाहिलेल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. याच लीगने २००१ मध्येही टाळेबंदी केली होती. तेव्हा हंगामाचा पहिला आठवडा बदली पंचांवर निभावला, मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि त्यानंतर काही दिवसांत करार होऊन नेहमीचे पंच परतले. ‘गेल्या वेळी निभावले, याही वेळी निभावेल’ हा लीगचा हिशेब तिथून आलेला दिसतो. तो का चुकला, ते पुढे येईलच.

आता पैशांचे. त्या वेळी लीगकडे १२१ पंच होते. सात-सात जणांचे १७ ताफे आणि वर काही जण. २०११ सालचे त्यांचे सरासरी मानधन १,४९,००० डॉलर. सरासरी म्हणजे नवख्याला त्याहून बरेच कमी, वीस वर्षे झालेल्याला जास्त. १२१ ने गुणले तर वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर होतात. लीगची त्या काळातली वार्षिक उलाढाल ९०० कोटी डॉलरच्या वर होती. म्हणजे शंभर डॉलरच्या धंद्यात पंचांवरचा खर्च साधारण वीस सेंट. ३२ संघमालकांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला साडेपाच-पावणेसहा लाख डॉलर येतात, आणि राखीव खेळाडूंपैकी अनेकांचा पगार याहून जास्त असतो.

‘फक्त रविवारी काम’ हेही खरे नाही. पंच आदल्या दिवशी सामन्याच्या गावी पोहोचलेला असावा लागतो. संध्याकाळी ताफ्याची बैठक होते आणि मागच्या सामन्याच्या चित्रफिती पाहिल्या जातात. सामन्याच्या दिवशी तो काही तास आधी मैदानावर असतो. त्यानंतर लीगचे निरीक्षक प्रत्येक खेळी पुन्हा पाहून पंचाच्या प्रत्येक निर्णयाला आणि दिलेल्या-न दिलेल्या पेनल्टीला (नियमभंगासाठीच्या यार्डांच्या शिक्षेला) गुण देतात, आणि त्या गुणांवरच हंगामाअखेरच्या बाद फेरीत कोणाला नेमायचे ते ठरते. शिवाय नियमांच्या चाचण्या, उन्हाळी शिबिरे आणि तंदुरुस्तीची परीक्षा आहेच. हे सगळे सांभाळून बहुतेक पंच सोमवार ते शुक्रवार दुसरा व्यवसाय करत. त्या काळचे प्रसिद्ध रेफरी एड होक्युली हे ॲरिझोनात वकिली करत.

पण भांडणाची खरी गाठ मानधनाच्या आकड्यात नव्हतीच. वाढ किती, यावर दोन्ही बाजू सरकायला तयार होत्या. अडले ते पेन्शनवर. पंचांना जुन्या पद्धतीची निश्चित लाभाची पेन्शन होती: जितकी वर्षे सेवा, त्या सूत्राने ठरलेली रक्कम, आणि निधी कमी पडला तर भरपाई मालकाची. लीगला ती बंद करून अंशदानाची योजना आणायची होती. म्हणजे मालकाने दरवर्षी पंचाच्या खात्यात ठरावीक रक्कम भरायची. पुढे शेअर बाजार वर गेला काय, खाली आला काय, नफा-तोटा पंचाचा. महाराष्ट्रात हा वाद घरोघरी माहीत आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी सेवेत लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली, आणि त्यावरूनच मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांनी संप केला. त्या संपाची मुख्य मागणी ‘पगार वाढवा’ ही नव्हती. म्हातारपणीची जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न होता. २०१२ मध्ये अमेरिकन पंच नेमके तेच विचारत होते, तेही २००८ च्या बाजारपतनात लाखो अमेरिकनांची निवृत्ती-खाती आक्रसल्यानंतर चारच वर्षांनी.

लीगची बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांनी निश्चित पेन्शन केव्हाच गुंडाळत आणली होती, लीगच्या इतर कर्मचाऱ्यांनाही नवी योजना लागू होत होती, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला पेन्शन देणारा मालक शोधून सापडत नाही, असे लीगचे म्हणणे होते. युक्तिवाद म्हणून यात तथ्य आहे. पण वाटाघाटींच्या टेबलावर एक साधा नियम असतो: जे आधीच्या करारात लिहून दिले आणि ज्याच्या भरवशावर माणसाने वीस वर्षांचे शनिवार-रविवार दिले, ते काढून घ्यायचे तर त्याची किंमत मोजावी लागते. लीगने आधी किंमत न मोजता काढून घेऊन पाहिले.

दुसरी गाठ २१ जादा पंचांची. लीगला आणखी तीन ताफ्यांइतकी माणसे हाताशी हवी होती, म्हणजे कमी गुणांच्या पंचाला बसवून दुसऱ्याला उतरवता येईल. ऐकायला हे गुणवत्तेचे वाटते. पण सामने तेवढेच, साखळीत २५६, आणि माणसे वाढली की प्रत्येकाचे सामने घटणार. पैशांची एकूण रक्कम न वाढवता डोकी वाढवणे ही छुपी कपात असते, हे संघटनेने ओळखले होते. तिसरा मुद्दा काही पंचांना वर्षभर पूर्णवेळ नोकरीवर घेण्याचा. त्याला संघटनेचा तत्त्वतः विरोध नव्हता. चाळीस-पन्नास वर्षांच्या वकिलाने किंवा शिक्षकाने आपला व्यवसाय सोडायचा तर त्याचा मोबदला काय, एवढेच ती विचारत होती.

आता बदली पंचांकडे वळतो, कारण इथेच लीगचा हिशेब फसला. बदली पंच आणायचे तर स्वाभाविक जागा म्हणजे पहिल्या श्रेणीची महाविद्यालयीन स्पर्धा. तिथले वरचे पंच लीगच्या उंबरठ्यावरच असतात. पण ते आले नाहीत. त्या स्पर्धांच्या पंचमंडळांवर देखरेख करणारे अनेक जण स्वतः लीगचे आजी-माजी पंच होते, आणि आपला महाविद्यालयीन हंगाम सोडून काही आठवड्यांच्या कामासाठी बंद दारातून आत जाण्यात कोणाला भविष्य दिसेना. मग लीगला खालच्या श्रेणीची महाविद्यालये, शालेय स्पर्धा, निवृत्त पंच यांच्यातून माणसे वेचावी लागली. माणसे प्रामाणिक होती, त्यांना दोष देणे बरोबर नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातल्या शॅनन ईस्टिन या लीगच्या साखळी सामन्यात पंचगिरी करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, ही नोंदही त्याच काळातली. पण एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाताना काय काय बदलते ते पाहा.

महाविद्यालयीन खेळात झेल पूर्ण व्हायला एक पाय मैदानात टेकला की पुरे. लीगमध्ये दोन्ही लागतात. महाविद्यालयीन खेळात चेंडूवाला नुसता गुडघ्यावर पडला तरी खेळी संपते. इथे, म्हणजे लीगमध्ये, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला असावा लागतो, नाही तर तो उठून पुन्हा पळू शकतो. झेल घेणाऱ्याला अडवल्याची पेनल्टी तिथे जास्तीत जास्त १५ यार्ड. इथे जिथे अडवले तिथेच चेंडू ठेवतात, मग ती जागा चाळीस यार्डांवर असो. बचाव करणाऱ्याने पाच यार्डांपुढे झेलवाल्याला धक्का देणे हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, तिथे तो त्या रूपात नाही. घड्याळ थांबवण्या-सुरू करण्याचे नियम वेगळे. रिप्लेची, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची, पद्धत तर पूर्ण वेगळी: तिथे वरच्या खोलीतून तपासणी, इथे प्रशिक्षकाने लाल रुमाल टाकून ती मागायची आणि त्यासाठी त्याच्याकडे टाइमआऊट (संघाला मागता येणारा खेळाचा थांबा) शिल्लक असावा लागतो. यातला एकेक नियम पाठ करणे अवघड नाही. चार सेकंदांच्या खेळीत जुनी सवय मोडून नवा नियम हातून घडवणे अवघड आहे.

त्याहून अवघड आहे ती सात जणांची वाटणी. रेफरी आणि अम्पायर चेंडू टाकणाऱ्या संघाच्या मागे, दोघे रेषेच्या दोन टोकांना, दोघे पुढे वीसेक यार्डांवर कडेला, आणि एक त्याहूनही खोल, मधोमध. खेळी सुरू होण्याआधी खेळाडूंची मांडणी पाहून प्रत्येकाने आपला ‘गिऱ्हाईक’ खेळाडू ठरवायचा असतो: तीन झेलवाले एका बाजूला उभे राहिले की कोणी कोणाला पाहायचे ते बदलते. पुढच्या दोन सेकंदांत त्या एकाच खेळाडूकडे पाहायचे, चेंडूकडे नाही. मग खेळाडू एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की नजरेने सोपवायचा. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या ताफ्यात हे न बोलता होते. नव्याने जमवलेल्या सात जणांत सगळ्यांचे डोळे चेंडूमागे जातात, आणि चेंडूपासून दूर चाललेली ओढाताण कोणीच पाहत नाही. खेळाडूंना हे पहिल्या दोन सामन्यांतच उमगले. बचावपटू झेलवाल्यांना अधिक धरू लागले, दोन्हीकडून हमरीतुमरी वाढली, आणि ताबा सुटतोय म्हटल्यावर पंचांनी एकदम पेनल्ट्यांचा मारा सुरू केला की सामने लांबत गेले. खेळाडूंच्या संघटनेने सुरक्षिततेचा मुद्दा जाहीरपणे मांडला तो यामुळेच.

किरकोळ वाटणाऱ्या साधनांतही अनुभव असतो. पंचाच्या मनगटाला एक लवचिक पट्टी असते, तिचा फासा कोणत्या बोटात आहे त्यावरून चारपैकी कितवी खेळी चालू आहे ते कळते. अम्पायर तशीच दुसरी पट्टी वापरून मागची खेळी आडव्या रेषेत कुठून सुरू झाली तेही लक्षात ठेवतो. पेनल्टी मोजताना एक जण यार्ड चालतो, कडेचे पंच स्वतंत्रपणे पडताळतात आणि मोजणी कुठून सुरू झाली तो बिंदू कोणी तरी हलू न देता धरून ठेवतो. हे न झाल्याने काय होते, ते तिसऱ्या आठवड्यात टेनेसी विरुद्ध डेट्रॉइट सामन्यात दिसले. जादा वेळेत टेनेसीचा चेंडू त्यांच्या स्वतःच्या ४४ यार्डांच्या रेषेवर होता. झेल झाला असे आधी ठरले, रिप्लेत तो रद्द झाला, पण धडकेची १५ यार्डांची पेनल्टी कायम राहिली. ती मोजायची होती टेनेसीच्या ४४ पासून. मोजली गेली डेट्रॉइटच्या ४४ पासून. मैदानावरचे आकडे दोन्हीकडून पन्नासपर्यंत चढतात, त्यामुळे ४४ दोन असतात, आणि दोहोंत १२ यार्डांचे अंतर. पंधराऐवजी सत्तावीस यार्ड मिळालेल्या टेनेसीने तिथून किक मारून गुण घेतले आणि सामना ४४-४१ असा जिंकला.

त्याच आठवड्यात मिनेसोटात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशिक्षकाने शेवटचा टाइमआऊट वापरल्यानंतर रिप्ले मागितला आणि तो त्याला दिला गेला. नियमाने तो मिळायलाच नको होता. पहिल्या आठवड्यात ॲरिझोनाविरुद्ध सिॲटलला अखेरच्या मिनिटात चौथा टाइमआऊट मिळाला. नियम तीनचा. खेळाडू जखमी झाल्यामुळे घेतलेल्या थांब्याचा हिशेब रेफरीने चुकीचा धरला होता आणि नंतर त्याने ती चूक मान्यही केली. प्रशिक्षकांचा तोल सुटू लागला. न्यू इंग्लंडचे बिल बेलिचिक यांनी सामना संपल्यावर पंचाचा हात धरला आणि त्यांना ५०,००० डॉलर दंड झाला. डेन्व्हरच्या मुख्य प्रशिक्षकाला ३०,००० आणि त्याच्या सहकाऱ्याला २५,००० झाला. बदली पंचांचा अधिकार टिकवायला लीगला दंडाचा आधार घ्यावा लागत होता.

आणि मग २४ सप्टेंबर, सोमवारची रात्र, सिॲटल. ग्रीन बे १२-७ ने पुढे, आठ सेकंद बाकी, चौथी आणि शेवटची खेळी, चेंडू २४ यार्डांवर. सिॲटलच्या रसेल विल्सनने चेंडू गोलपट्टीत उंच फेकला. तिथे खेळाडूंचा घोळका. सिॲटलच्या गोल्डन टेटने समोरच्या बचावपटूला दोन्ही हातांनी उघड ढकलले, ते कोणीच पुकारले नाही. उडी मारून चेंडू ग्रीन बेच्या एम. डी. जेनिंग्सने छातीशी घेतला, टेटचा हात त्यात अडकला आणि दोघे एकत्र खाली आले. शेजारी दोन पंच धावत आले. एकाने दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन (गोलपट्टीत चेंडू ताब्यात घेतल्याचे सहा गुण). दुसऱ्याने त्याच क्षणी डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबल्याची खूण केली, टचडाउनची नाही.

पंचगिरीच्या दृष्टीने चूक इथे झाली. अशा वेळी खूण करायचीच नसते. दोघांनी एकमेकांकडे पाहायचे, जवळ यायचे, कोणी काय पाहिले ते चार शब्दांत सांगायचे आणि मग एकानेच खूण करायची. दोघांनी एकाच वेळी झेलला तर चेंडू फेकणाऱ्या संघाचा, हे नियमात आहे. पण एकाने आधी ताबा मिळवला आणि दुसऱ्याने मागून हात घातला तर तो एकाच वेळचा झेल ठरत नाही, हेही त्याच नियमात आहे. मैदानावर एकदा टचडाउन दिला की रिप्लेत तो फिरवायला निर्विवाद पुरावा लागतो. तो नाही म्हणून निर्णय कायम राहिला. ढकलल्याचा गुन्हा रिप्लेत पाहताच येत नव्हता. लोक मैदानात उतरले, संघ आत गेले, आणि काही मिनिटांनी टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी खेळाडूंना परत बोलवावे लागले. निकाल सिॲटल १४, ग्रीन बे १२. दुसऱ्या दिवशी लीगने पत्रक काढून ढकलल्याची पेनल्टी द्यायला हवी होती हे मान्य केले. ती दिली असती तर सामना तिथेच ग्रीन बेने जिंकला होता.

त्यानंतर दोन दिवसांत करार झाला. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी टाळेबंदी मिटावी म्हणून जाहीर इच्छा व्यक्त केली, आणि ग्रीन बे ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीही खऱ्या पंचांना परत आणा म्हटले; वर्षभरापूर्वी याच वॉकर यांनी आपल्या राज्यातल्या सरकारी कर्मचारी संघटनांचे वाटाघाटीचे हक्क कायद्याने छाटले होते. २७ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये नेहमीचे पंच मैदानात आले तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. एका रात्रीत ते उतरू शकले, कारण टाळेबंदीच्या काळातही संघटनेने नियमांचा अभ्यास सामूहिक फोन-बैठकांतून चालू ठेवला होता. संघटनेचे हे शहाणपण फारसे कोणी सांगत नाही.

करारात काय होते? मुदत आठ वर्षे. सरासरी मानधन २०११ च्या १,४९,००० वरून २०१३ मध्ये १,७३,००० आणि २०१९ पर्यंत २,०५,००० डॉलर. त्या वेळी सेवेत असलेल्या पंचांची जुनी पेन्शन २०१६ च्या हंगामापर्यंत किंवा वीस वर्षांची सेवा भरेपर्यंत चालू. त्यानंतर ती गोठवायची. २०१७ पासून सर्वांना, आणि नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासूनच, अंशदानाची योजना. त्यात लीगचा वाटा दरवर्षी सरासरी १८,००० डॉलरहून अधिक, २०१९ पर्यंत २३,००० हून अधिक. लीगला २०१३ पासून काही पंच पूर्णवेळ नेमण्याचा आणि जादा पंच प्रशिक्षणासाठी ठेवून सामने देण्याचा अधिकार. संघटनेने हा करार ११२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला.

आकडे नीट वाचले तर पंच जिंकले असे सरसकट म्हणता येत नाही. पेन्शनच्या मूळ मुद्द्यावर लीगला हवे ते मिळाले, फक्त पाच हंगाम उशिरा आणि किंमत मोजून. संघटनेने आत असलेल्यांचे जपले आणि पुढे येणाऱ्यांचे सोडून दिले. संघटनेची ही बाजू मला मनापासून खटकते; एकाच ताफ्यात दोन पेन्शनींची माणसे उभी करणे हे पुढच्या वाटाघाटीत संघटनेलाच कमकुवत करणारे असते. तरी एक खरे: मानधनवाढीचा बोजा २०१९ साली वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर, संघामागे साधारण दोन लाख. एवढ्यासाठी ४८ साखळी सामन्यांची विश्वासार्हता पणाला लावली गेली. २०१९ मध्ये पुढचा सात वर्षांचा करार हंगाम न बिघडता झाला, त्याची मुदत मे २०२६ अखेरची.

संघटनांनीही एक उलटे उदाहरण जवळ ठेवावे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या पंचांच्या करारात संपाला मनाई होती. ती टाळायला पन्नासहून अधिक पंचांनी एकत्र राजीनामे दिले. लीगने ते मागे घेण्याची वाट न पाहता नवे पंच नेमले, काहींनी घाईने राजीनामे परत घेतले, एकजूट फुटली आणि २२ जणांची नोकरी गेली. मग जुनी संघटनाच मोडली. राजीनामा हा दबावाचा कागद म्हणून वापरता येत नाही. तो समोरच्याने स्वीकारला की हातात काही उरत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरच्या (आपण फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या) पंचांनी असे काही केले नाही. प्रस्तावित करार त्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी नाकारला, टाळेबंदी झाली, हंगाम बदली पंचांवर सुरू झाला, आणि मार्चअखेर सुधारित करार हाती आला. मतदानाचा असा आकडा टेबलावर असला की समोरच्याला फूट पडण्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. भारतीय क्रिकेट मंडळाने २०१८ मध्ये देशांतर्गत सामन्यांच्या पहिल्या वीस पंचांचे मानधन दिवसाला २० हजारांवरून ४० हजार आणि इतरांचे १५ हजारांवरून ३० हजार केले. वाढ चांगलीच होती, पण ती मंडळाच्या निर्णयाने झाली. सही केलेला सामूहिक करार त्यामागे नव्हता. जिल्हा-तालुका पातळीवर तर बहुतेक वेळा फोनवरचा एक निरोप एवढाच करार असतो. कबड्डीच्या एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक अशी सहा माणसे लागतात. बक्षिसाची रक्कम लाखांत आणि या सहा जणांचे काय द्यायचे ते शेवटच्या दिवशी ठरणार, असे होऊ नये.

त्यासाठी मोठी संघटना उभी राहण्याची वाट पाहायला नको. एका पानाचा कागद पुरतो. त्यात मानधन दिवसाचे की सामन्याचे हे स्पष्ट हवे, कारण एका दिवसात आठ सामने लावले की दिवसाचा दर पंचाला तोट्यात टाकतो. प्रवास आणि मुक्काम वेगळा दाखवावा, मानधनात मिसळू नये. पावसाने सामना रद्द झाला आणि पंच मैदानावर पोहोचलेला असेल तर किती टक्के मिळणार, तेही आधीच लिहावे. पैसे किती दिवसांत खात्यावर येणार त्याची तारीख, अपघात विमा कोण काढणार, आणि खेळाडू किंवा प्रेक्षकाने हात उगारला तर सामना थांबवण्याचा अधिकार पंचाचा राहील व त्या दिवसाचे मानधन कापले जाणार नाही, ही दोन वाक्ये तर हवीतच. आयकर खात्याच्या २००८ च्या अधिसूचनेने पंच आणि रेफरी यांचे काम व्यावसायिक सेवेत धरले आहे. त्यामुळे मोठ्या संयोजकाने १० टक्के कर कापला तर ती कपात आपल्या पॅनवर जमा झाली का, हे पंचाने दरवर्षी आयकर खात्याच्या करकपातीच्या नोंदीत पाहावे. कापलेला पण न भरलेला कर नंतर मागताना पावती लागते.

राज्य संघटनांनी असा एक नमुना कागद तयार करून स्पर्धेच्या मंजुरीच्या अर्जालाच जोडला, तर पंचाला प्रत्येक संयोजकाशी वेगळे बोलावे लागणार नाही. येत्या हंगामाच्या मंजुऱ्या देण्याआधी हे करता येण्याजोगे आहे, आणि आपल्या क्रीडा पानाने राज्य संघटनांना याबद्दल विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळ सातारा)